मधली ओळ

सुमनबाईंनी सकीनाची पाटी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. बावन्नातून सत्तावीस वजा केले होते आणि उत्तर लिहिलं होतं पस्तीस. पण घाईघाईने ओल्या अंगठ्याने पुसलेलं पंचवीस त्या पस्तिसाच्या खाली अजून दिसत होतं.

“आधी बरोबर लिहिलं होतंस ना?”

सकीना परकराचं टोक पिळत उभी राहिली.

चौथीच्या वर्गात सेहेचाळीस मुलं आणि बाई एकट्या. म्हणून जूनमध्येच त्यांनी तीन ओळी पाडल्या होत्या. पहिली स्कॉलरशिपची. तिचे जादा तास हेडमास्तर स्वतः घ्यायचे, कारण पास झालेल्यांची नावं कचेरीबाहेर फळ्यावर रंगवली जात. तिसरी कच्च्यांची. तपासणीला आलेले साहेब नेमकं तिच्यातल्याच एखाद्याला वाचायला उभं करत, म्हणून बाई रोज त्या ओळीत सतरंजीवर बसून, बोट धरून गिरवून घेत. मधल्या ओळीला फळ्यावरची गणितं उतरवून घ्यायला सांगितलं की झालं. गुणी पोरं, कधी तक्रार नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, तिथे एकट्या बाई कुठवर पुरणार!

सकीनाला दिवाळीच्या आत मधल्या ओळीत आणायचंच, असं बाईंच्या मनाने घेतलं होतं. तिचा बाप अब्बास लासलगावच्या मार्केटात हमाल. महिन्यापूर्वी शाळेच्या पायरीवर उभं राहून तो म्हणाला होता,

“बाई, दिवाळीपर्यंत बघतो. पोरगी तिसऱ्या ओळीतच राह्यली, तर आईसंगं खळ्यावर कांदे निवडायला धाडतो. ढ पोरीला शाळेत बसवून काय करू?”

ओळी बाईंनी शिकवायच्या सोयीसाठी पाडल्या होत्या. गावाने त्यांची प्रतवारी करून टाकली, कांद्याची करतात तशी. त्या दिवशी बाईंना अब्बासपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला होता.

“सकीना, मुद्दाम चुकवलंस?”

“मला तिकडं नाय जायचं, बाई.”

“का गं?”

“तिकडं तुम्ही बसतच नाय.”

मधल्या ओळीतली पोरं लिहायची थांबून ऐकत होती. बाईंनी डोळे वटारले तशा माना खाली गेल्या.

बाईंनी सकीनाला व्हरांड्यात नेलं आणि तिचा बाप काय म्हणाला होता ते जसंच्या तसं सांगितलं. नऊ वर्षांच्या पोरीला हे सांगावं लागलं, याची त्यांना लाज वाटली. सकीनाने सगळं ऐकून घेतलं. ती वर्गात गेली, दप्तर उचललं आणि मधल्या ओळीच्या शेवटी जाऊन बसली.

शनिवारी अब्बास आला. पोरगी वर चढली हे ऐकून त्याचा चेहरा खुलला.

“मग बसू द्या, बाई. शिकू द्या,” म्हणत तो तसाच मार्केटकडे गेला. बाईंना हायसं वाटलं. रविवारी त्यांनी किती तरी दिवसांनी दुपारी झोप काढली.

सोमवारी चाचणी झाली. एकसष्टातून अडतीस. बाईंनी मधल्या ओळीच्या पाट्या गोळा करून टेबलावर ठेवल्या आणि एकेक बघू लागल्या. सदतीस. पुढची, सदतीस. त्याच्या पुढची, पुन्हा सदतीस. ज्यांना हातच्याची वजाबाकी तिसरीपासून तोंडपाठ होती, अशा अकरा जणांनी सदतीस लिहिलं होतं. सकीनाच्या पाटीवर मात्र तेवीस होते, ठळक आणि एकदाही न पुसलेले. ती खाली मान घालून बसली होती.

त्या ओळीतला सगळ्यात हुशार कादर. त्याची पाटी हातात घेऊन बाई ओळीपाशी गेल्या.

“कादर, हे काय रे?”

“येत नाय, बाई,” कादर म्हणाला, आणि सतरंजीवर सरकून त्याने आपल्या शेजारी जागा करून दिली.