मुंग्यांची गुरं

साडेसाती लागल्यापासून निवृत्ती देवळाली कॅम्पातल्या आपल्या परसात दर शनिवारी मुंग्यांना साखर-पीठ घालायचा. शनीला राजी करायचा हा सगळ्यांत स्वस्त उपाय, असं ज्योतिषी म्हणाला होता आणि स्वस्त उपायावर निवृत्तीची श्रद्धा लगेच बसे.

वारूळ होतं वालाच्या मांडवाखाली. वेल कुसाबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. तिच्या आईनं नांदगावाहून पदरात बांधून दिलेलं बी. पुढे आई गेली, मळा विकला गेला. ते वाण आता एवढ्या मांडवापुरतंच उरलं होतं.

यंदा शेंड्यांवर काळा मावा बसला. कुसाबाईनं लिंबोळीचा अर्क फवारला, आंबट ताक शिंपडलं, राख उधळली. मावा जायचा आणि आमंत्रण असल्यासारखा परत यायचा.

शेजारच्या सुरय्याबाई शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी पान उलटून पाहिलं.

"कुसाताई, ही मुंग्यांची गुरं आहेत. मावा गोड पाणी सोडतो, ते या पितात आणि त्याची राखण करतात. मावा खायला ढालकिडे येतात, त्यांना चावून हाकलतात. मुंग्यांना वर चढू देऊ नका, बाकीचं ढालकिडे बघतील."

कुसाबाईनं सावकाश नवऱ्याकडे मान वळवली.

"अहो, म्हंजे तुमी गुराख्यांना पगार देताय व्हय?"

"देवाधर्माची थट्टा करू नये," निवृत्ती म्हणाला.

साखर बंद झाली. मांडवाच्या खांबांना आणि वेलाच्या बुडख्याला एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या बांधल्या गेल्या. लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे उतरले. वेल सावरला, फुलला.

निवृत्ती मात्र सावरेना. तो मोरीत घसरला. दूध नासलं. गल्लीतला एक धडधाकट माणूस बसल्या जागी गेला. त्याची रास निवृत्तीचीच निघाली. परसात गेलं की मुंग्या चालता चालता थांबून आपल्याकडे बघतात, असंही त्याला वाटू लागलं.

कुसाबाई भाचीच्या लग्नाला गेली. त्या शनिवारी निवृत्तीनं चिंध्या जवळून पाहिल्या. तेलात चिकटून मेलेल्या मुंग्याच मुंग्या! हे सगळं पाप कोणाच्या खाती? त्यानं चिंध्या सोडल्या आणि मागची बाकी धरून डबाभर साखर ओतली.

कुसाबाई पंधरा दिवसांनी आली तेव्हा वेल काळाचिकट होऊन मान टाकून होता. ढालकिडा एकही नव्हता. ती ओरडली नाही. ओरडली असती तर निवृत्तीला बरं वाटलं असतं. तिनं वेलभर हात फिरवून भरलेल्या तेवढ्या शेंगा काढल्या, सोलल्या. वाटीभर दाणे निघाले.

"चला, बियाण्यापुरते झाले," निवृत्ती घाईघाईनं म्हणाला.

तिनं वाटी उचलली आणि तडतडत्या फोडणीत उपडी केली.

"अगं! वाण होतं ते!"

"व्हतं."

ताट एकच वाढलं. ती समोर मांडी घालून बसली.

"तुझं?"

"मी नाय खायची. माझ्या आईचं हाय ते. तुमी खा. टाकायचं नाय, एकबी दाणा."

निवृत्तीनं घास उचलला. दाणे मऊ शिजले होते, चवही उत्तम होती. तसं सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि कुसाबाईकडे बघून पुन्हा मिटलं.