सहा पूर्णांक नऊ

“सात कशाला देताय मास्तर? थोडं खाली या की,” साहेब म्हणाले, भाजीवालीशी घासाघीस करावी तसे.

मास्तरांनी चष्मा पुसला. त्यांनी आयुष्यात एकही मूल शिकवलं नव्हतं. रुग्णालयांसाठी कंपनी जे सॉफ्टवेअर बनवायची, त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटींना दहापैकी गुण द्यायचे, हे त्यांचं काम. म्हणून ते मास्तर. सात किंवा जास्त गुण पडले की त्रुटी आठवड्यात दुरुस्त करायची, असा नियम होता. सातच्या खालची तीन महिन्यांनी येणाऱ्या नव्या आवृत्तीपर्यंत थांबायची. साहजिकच कंपनीत सहा पूर्णांक नऊच्या त्रुटींचं पेव फुटलं होतं.

आजची त्रुटी एका नर्सने कळवली होती. आपला रिपोर्ट उघडून स्क्रीनवरच्या वेब-पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला, की दुसऱ्याच रुग्णाची फाइल समोर यायची.

“साहेब, कोणाचीही फाइल दिसते हो.”

“पण आधी लॉगिन लागतं ना? रस्त्यावरचा माणूस थोडाच बघतोय! आणि गुरुवारी द्यायच्या कामाला सगळे जुंपलेत. माणसं कुठून आणू मी?”

लॉगिन प्रत्येक रुग्णाला मिळतं, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. पण निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि वाद घालायचा त्यांना मनापासून कंटाळा आला होता. त्यांनी सहा पूर्णांक नऊ लिहिलं आणि डबा उघडला.

दोन महिन्यांनी धाकट्या बहिणीने घरी बोलावलं. ती बँकेत काउंटरवर होती. कॅन्सरचं निदान झालं तेव्हा मास्तरच तिला त्यांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका रुग्णालयात घेऊन गेले होते. “आमचंच आहे सगळं. कुणाला सुगावासुद्धा लागायचा नाही,” असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. केस गळल्यावर तिने टोप घेतला, गुडघेदुखीच्या नावाखाली रजा काढल्या आणि काउंटर सोडला नाही.

“आमच्या बँकेतलीच एक तिथे डोळे तपासायला जाते,” चहा टाकत ती म्हणाली. “तिने आकडा बदलून माझी फाइल उघडली आणि बँकभर सांगितलं. आता मला मागच्या खोलीत बसवलंय. म्हणे, तेवढाच तुम्हाला आराम. वीस वर्षं माणसांशी बोलले रे मी, दादा. आता दिवसभर कपाटांशी बोलते.”

तिने आधणात साखर टाकली.

“तुमच्या कंपनीला माहीत नव्हतं का हे?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यांना ते जमलं नाही.

“माहीत होतं. मीच त्या त्रुटीला गुण दिले होते. सहा पूर्णांक नऊ.”

“दहापैकी? म्हणजे मोठीच की.”

“सात दिले असते तर आठवड्यात मिटलं असतं.”

तिने चहा गाळला. एक कप त्यांच्यापुढे ठेवला. मग डोक्यावरचा टोप काढून टेबलावर ठेवला.

“चार महिने नुसतं उकडत होतं मेलं,” ती म्हणाली. “आता कोणासाठी घालू?”

मास्तरांना वर बघवेना. चहा निवला, त्यावर साय धरली, तरी ती त्यांना ‘घे’ म्हणाली नाही.