शंभर मीटरची चाचणी

शी! डोरीन हॅस्लेटच्या तोंडून दुसरा शब्दच निघेना. चार पेट्या तिने स्वतःच्या हाताने बांधल्या होत्या. प्रत्येकीत रेडिओ, बॅटरी, तळहाताएवढा संगणक आणि घडीची अँटेना. पेटी डोंगरावर नेऊन उघडायची, की ती आपणहून पुढची पेटी शोधून तिच्याशी जोडून घेणार. मग गावातले फोन बंद पडले तरी याद्या आणि नकाशे पेटीतून पेटीत जात राहणार. आणि आज बघते तर चारही झाकणांवर सोनेरी पाट्या. पाटीवर नाव कुणाचं? हौशी रेडिओ मंडळाचे अध्यक्ष वेंडेल स्ट्राउड यांचं.

डोरीनने चाळीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा ओढल्या होत्या. मागच्या वणव्यात फोनचा मनोरा जळाला, तेव्हा तिचा थोरला भाऊ ऑर्विल वर टॅमरॅकच्या डोंगरावर चाकांच्या खुर्चीत सहा तास नुसता धूर बघत बसला होता. त्याला उचलायला गाडी येईल की नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं. वारा फिरला म्हणून वाचला बिचारा. त्यानंतरच ती मंडळात शिरली. मंडळात सगळे म्हातारे, आणि बाई सत्तरीची असली तरी तिला ‘तरुणी’ म्हणायची त्यांची जुनी खोड. डोरीनला त्याचीही किळस यायची.

वार्षिक चाचणी चर्चच्या पार्किंगमध्ये ठेवलेली. चार टेबलं, चार पेट्या, एक तंबू, डोनटचे खोके.

“अरे, डोंगरावर चला ना!” ती म्हणाली. “इथे हाक मारली तरी ऐकू येतं. इथे कसली डोंबलाची चाचणी?”

“अगं, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाची कंबर. आणि जिल्ह्याच्या अधिकारी बाई फोटोला इथेच येणार आहेत,” वेंडेल म्हणाला. या माणसाने जन्मभर विमे विकले होते. बोलणं साखरेत घोळलेलं.

इतक्या जवळ पेट्या एकमेकींच्या कानात ओरडतात. पेटीतून पेटीत पाठवलेलं पडद्यावरचं चित्र अडखळायला लागलं. जिल्ह्याच्या बाई घड्याळ बघू लागल्या.

“डोरीन, काहीतरी कर गं!” वेंडेल कुजबुजला.

तिने केलं. दात-ओठ खात चारही पेट्यांचा संदेश फेकायचा जोर अगदी खाली आणला. पलीकडून उत्तर येईपर्यंत पेटीने किती वेळ थांबायचं, ते ‘अंतर’ या आकड्यावर ठरतं. तिथे तिने शंभर मीटर टाकले. चित्र लख्ख. टाळ्या. फोटो.

“आणि ही सगळी कमाल आमच्या तरुणीची!” वेंडेलने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पेट्या आपटत गाडीत कोंबल्या. तपासणीचा कागद तिनेच तयार केलेला; शेवटची ओळ, ‘सेटिंग पूर्ववत केलं, सही’. पण त्या कागदाच्या माथ्यावरही वेंडेलचंच नाव छापलेलं दिसलं. “याच्या नावाखाली मी सही करू? माझं खेटर करेल,” म्हणत तिने कागद चुरगाळून डोनटच्या खोक्यात टाकला आणि घरी निघून गेली.

सप्टेंबरात वणवा आला. दुपारी बारालाच फोन बंद. एक पेटी गावच्या सभागृहात, दुसरी तिथून शंभर पावलं वर पाण्याच्या टाकीवर, डोरीनकडे. चौथी राखीव. तिसरी टॅमरॅकला न्यायची होती, नऊ किलोमीटर. “मी जातो,” म्हणत वेंडेलच निघाला, दुखऱ्या गुडघ्यांसकट. ज्यांना उचलून आणायचं त्या चाळीस जणांची यादी त्याने वर पोचून, लोकांना विचारून केली. पत्ते, औषधं, कुणाला प्राणवायू. ती यादी खाली आली, की चाकांच्या खुर्च्या चढवता येणाऱ्या गाड्या सुटणार. यादीत ऑर्विल एकविसावा.

डोरीनच्या पेटीवर सभागृहाकडचा दिवा हिरवा. टॅमरॅकचा लाल.

हातातल्या साध्या रेडिओवर सगळा जिल्हा एकमेकांवर ओरडत होता. यादी कसली वाचता, चार शब्द घुसवणंही मुश्कील. “लाल आहे गं,” वेंडेलचा आवाज आला.

“वायर उलटी लावली असशील! माझी पेटी ठणठणीत आहे. काढ आणि पुन्हा लाव!”

त्याने लावली. लाल. अँटेना फिरवली. लाल. तिने त्याला नको नको ते ऐकवलं. “पाट्या चिकटवायला बरा येतोस! पुन्हा काढ!” तो खोकत होता, आणि दर वेळी एवढंच म्हणत होता, “बरं. काढतो.”

त्रेचाळीस मिनिटं हे चाललं. मग केवळ त्याची चूक सिद्ध करायला, म्हणून तिने आपल्या पेटीचं सेटिंग उघडलं. अंतर : शंभर मीटर.

चाचणीच्या दिवसापासून तसंच. सभागृह जवळ, म्हणून तो दिवा हिरवा. टॅमरॅकचं उत्तर येण्याआधीच तिची पेटी वाट बघणं सोडून देत होती. तिने आकडा बदलला, जोर वाढवला, रेडिओवर वेंडेलकडून तेच करून घेतलं. का, ते मात्र सांगितलं नाही. दिवा हिरवा झाला. यादी दोन मिनिटांत खाली पोचली. पण गाड्या दहा मिनिटांपूर्वीच दुसऱ्या खोऱ्यात गेल्या होत्या. निम्म्याच परत वळल्या, आणि त्या विसाव्या नावापर्यंत पुरल्या.

ऑर्विल संध्याकाळी सभागृहात आला तो वेंडेलच्या गाडीतून. उरलेल्यांना शेजाऱ्यांनी आणलं होतं. वेंडेलची पँट गुडघ्यांवर फाटलेली, रक्ताने चिकटलेली.

“डोरी,” ऑर्विल खरखरत्या आवाजात म्हणाला, “हा माणूस धुरात गुडघ्यांवर बसून वायरी काढत होता. मी म्हटलं, बाबा, चल निघू. तर म्हणतो, डोरीनला यातलं कळतं, ती सांगतेय तर माझंच चुकत असणार.”

आजवर डोरीनला ज्यांची ज्यांची किळस आली होती, त्या सगळ्यांपेक्षा आता स्वतःची जास्त आली.

टेबलावर अहवाल पडला होता, माथ्यावर वेंडेलचं छापील नाव. बिघाडाचं कारण : ‘टॅमरॅकच्या माणसाची चूक. वे. स्ट्राउड.’

“राहू दे गं,” वेंडेल म्हणाला. “मला नाही जमत ते वायरींचं.”

“गप बस रे,” ती म्हणाली. तिने ती ओळ खोडली. खाली लिहिलं, ‘चाचणीनंतर सेटिंग पूर्ववत केलं नाही.’ आणि वेंडेलच्या छापील नावाखाली तिने सही केली.