दोघींमध्ये एक माईक

मी एक जुना माईक आहे आणि चालू आहे. चालू असल्याचं मुद्दाम सांगावं लागतं, कारण लोकांना माझ्याबद्दल पहिली शंका तीच येते. मित्रांनो, तुमच्याशी बोलायला आलेल्या माणसाने आधी तुमच्या डोक्यावर टकटक करून ‘हॅलो, हॅलो’ म्हटलं, तर तुम्हाला कसं वाटेल? माझा जन्म त्यातच गेला.

मला एका कारखान्यात बनवलं. आत तारेचं बारीक वेटोळं, वर जाळी, खाली मुठीत मावेल अशी दांडी. दिसायला मी तेव्हाही बेताचाच होतो. तपासणीच्या टेबलावरची बाई माझ्यात ‘एक, दोन, तीन’ म्हणाली, कानावरचे हेडफोन काढून जांभई दिली आणि मला पास केलं. मी दिलेली ती एकमेव परीक्षा. मग एका साऊंडवाल्याने मला विकत घेतलं. बक्षीस समारंभ, हरवलेल्या मुलांच्या घोषणा आणि भाषणं, भाषणं, भाषणं. मला स्वतःची मतं आहेत, पण ती कोणी विचारत नाही. मी दुसऱ्यांची मोठ्याने सांगतो.

मग त्या दोघी बहिणी आल्या.

त्यांची आई एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी तिथे ढिगाने यायच्या. शाळा सुटली की मुली थेट लाँड्रीत, वाफेत आणि ब्लीचिंग पावडरीच्या वासात. थोरलीने चादरीची दोन टोकं धरायची, धाकटीने दोन. ताणायची, झटकायची, चालत एकमेकींसमोर यायचं आणि एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. हात चालत असताना आई तिच्या आजीकडून आलेली गाणी म्हणायची. बोटीवर गेलेल्या नवऱ्याचं, चुकलेल्या शेळीचं, सासूच्या नाकाचं. सगळ्या गाण्यांचे सूर लांबच लांब. तेव्हा मुलींनी एक पद्धत बसवली: टोकं देईल तिने श्वास घ्यायचा, टोकं घेईल तिने सूर धरून ठेवायचा. पुढच्या घडीला उलट. त्यामुळे गाणं कुठेच तुटायचं नाही. आई म्हणायची, “कार्ट्यांनो, श्वास घेता तरी कधी?”

लाँड्रीतल्या कामगारांच्या वार्षिक मेळाव्यात त्या पहिल्यांदा लोकांसमोर गायल्या. साऊंडवाल्याकडे त्या दिवशी मी एकटाच होतो. माझा जोडीदार अध्यक्षांच्या भाषणात वारला होता. म्हणून दोघी माझ्यापुढे उभ्या राहिल्या. थोरलीचा आवाज मोठा, ती पाऊलभर मागे. धाकटीचा बारीक, ती माझ्या जाळीला नाक लागेल इतकी पुढे. गाणं सुरू झालं आणि सूर थांबेचना. समोरची माणसं खुर्चीत पुढे सरकली. साऊंडवाला पुटपुटला, “आयला, फुप्फुसं आहेत की लोहाराचा भाता?”

दोघी श्वास कसा वाटून घेतात ते त्या हॉलमध्ये फक्त मला कळलं. एकीचा सूर उतरायला लागला की ती दुसरीच्या दंडाला कोपर लावायची. श्वासाचा बारीक ‘स्स’ आवाज माझ्या जाळीवर यायचा, पण लोकांपर्यंत पोचायच्या आत दुसरीचा सूर त्यावरून पांघरुणासारखा जायचा.

पुढे त्यांचं नावच पडलं, ‘लाँड्रीवाल्या बहिणी’. रेडिओ झाला, रेकॉर्ड निघाल्या, गावोगावी कार्यक्रम झाले. साऊंडवाला त्यांचा झाला आणि त्याच्याबरोबर मीही. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी अदबीने दुसरा माईक पुढे करायचं. थोरली म्हणायची, “कशाला? आम्ही काय भांडलोय?” कार्यक्रम संपला की धाकटी मला रुमालाने पुसायची. शेवटच्या ओळीला थोरली पुढे झुकायची आणि तिची लिपस्टिक माझ्यावर उतरायची, त्यावरून धाकटी टोमणे मारायची. “ताई, गातेस का माईकला खातेस?” “तू गप गं. तुझ्या नाकाने पोचा पडलाय त्याला.” पोचा खरंच पडला होता. मला तो मेडलसारखा वाटायचा.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. माईकला सुखाचे दिवस असतात यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नसतं, पण असो.

मग एक मॅनेजर आला. त्याचे बूट त्याच्याआधी खोलीत यायचे, इतके चकाकायचे. तो म्हणाला, “ताई, जमाना बदललाय. दोघींत एक माईक म्हणजे गरिबी दिसते हो.” मोठ्या थिएटरात त्याने रंगमंचाच्या दोन टोकांना दोन कोरे माईक लावले आणि मधे रोषणाई सोडली. मला पेटीत घालून विंगेत ठेवलं. नाही कसं म्हणायचं, म्हणून दोघी हो म्हणाल्या.

नेहमीचंच गाणं, बोटीवरच्या नवऱ्याचं. सगळ्यात लांब सुरावर थोरलीने श्वास घेतला. आणि त्याच क्षणी धाकटीनेही. कोपर लावायला दंड शेजारी नव्हता. गाणं तुटलं. लोकांना वाटलं संपलं. त्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. नवरा बोटीवरच राहिला.

माझी पेटी मेकअपच्या खोलीत आणून ठेवत धाकटी म्हणाली, “पाळी माझी होती. तू मधेच का घेतलास?”

“लागला म्हणून घेतला.”

“लागला म्हणून? चार हजार माणसांसमोर?”

“मग काय मरू?”

“लहानपणापासून तुझ्या श्वासाची राखणच करत आले मी.”

थोरलीने आरशातून तिच्याकडे पाहिलं. “बरं. आता नको करूस.”

एवढंच भांडण. मी याहून मोठी भांडणं निवडणुकीच्या सभांमध्ये ऐकली आहेत आणि ती माणसं संध्याकाळी एकत्र चहा पीत. या दोघींना ते जमलं नाही. प्रत्येकीला वाटलं, दुसरी फोन करेल. दोन्ही घरांत फोन व्यवस्थित चालू होते.

वाटणीत मी थोरलीकडे गेलो. तिने मला कपाटात, चादरींच्या चळतीत ठेवलं. ती चादरींच्या घड्या आता एकटीच घालायची, मधला भाग हनुवटीखाली दाबून. घड्या वाकड्या यायच्या. धाकटी एकटीच गाऊ लागली. मागे पुष्कळ वाद्यं, म्हणजे ती श्वास घ्यायला थांबलेली कळू नये. ते गाणं रेडिओवर लागलं की थोरली रेडिओ बंद करायची नाही. आवाज कमी करायची आणि अगदी जवळ जाऊन बसायची.

मग तिला जिना चढवेना. मग खोलीतल्या खोलीत चालवेना. फुप्फुसांचा आजार जुना आहे, डॉक्टर म्हणाले, लाँड्रीतला असेल. शेवटी थोरलीच्या नवऱ्यानेच धाकटीला फोन केला. “ये गं बाई. माझ्याशी भांडून तिचं पोट भरत नाही.”

धाकटी आली. दारात उभी राहिली. मग सरळ आत येऊन तिने कपाट उघडलं.

“ताई, या काय घड्या आहेत? आईने पाहिल्या असत्या तर हातावर पट्टी मारली असती.”

“मग घाल नीट. बघतेस काय?”

चादर काढताना मी खाली पडलो. धाकटीने मला उचललं, रुमालाने पुसलं, पोच्यावर बोट फिरवलं. मग मला पलंगावर दोघींच्या मधे ठेवलं. तार नाही, वीज नाही. पण मी नेहमीच्या जागी होतो. थोरलीने बसल्या जागी दोन टोकं धरली, धाकटीने दोन. आणि गाणं सुरू झालं, हळू, कुजबुजल्यासारखं. थोरलीला दर दोन शब्दांना श्वास लागत होता. प्रत्येक वेळी धाकटीने सूर धरला. कधी कधी तो इतका वेळ धरावा लागला, की तिच्या मानेच्या शिरा फुगल्या. पण गाणं कुठेही तुटलं नाही आणि नवरा घरी पोचला.

“त्या दिवशी थिएटरात,” धाकटी म्हणाली, “तेव्हापासूनच होतं का हे?”

“असेल. मला वाटलं, दमले.”

“सांगायचं नाही?”

“तू विचारलंस कुठे? तू पाळी मोजत होतीस.”

धाकटी हातातली घडी उलगडून पुन्हा घालू लागली. थोरलीनेच मग तिला कोपराने ढोसलं. “मी गेल्यावर माझ्या जागी कोणी बाई आणून उभी करशील, तर बघ.”

“आणीन की. तुझ्याहून उंच आणीन. लिपस्टिक न लावणारी.”

थोरली हसली आणि हसण्याने तिला खोकला आला. धाकटी बराच वेळ तिची पाठ चोळत राहिली. त्या आठवड्यातच थोरली गेली.

तिच्या शोकसभेत मॅनेजरने भाषण केलं. दोन बहिणी, एक माईक ही कल्पना किती थोर होती, हे त्याने नव्याकोऱ्या माईकवरून सविस्तर सांगितलं. मग धाकटीने तो माईक काढायला लावला आणि पिशवीतून मला बाहेर काढलं. साऊंडवाल्याने, तोही आता म्हाताराच, मला तार जोडली. धाकटी नेहमीसारखी एका बाजूला उभी राहिली. मागे पाऊलभर जागा रिकामी.

ती गायला लागली. मागे एकही वाद्य नव्हतं. लांब सूर आला, उतरायला लागला आणि तिचं कोपर बाजूला गेलं. तिथे कोणी नव्हतं. तिने श्वास घेतला. तेवढा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तिने सूर पुन्हा उचलला. पुढच्या ओळीला तसंच. तिसऱ्या वेळी मॅनेजर धावत वर आला आणि माझ्या डोक्यावर टकटक करू लागला. “हॅलो! हॅलो! अहो साऊंडवाले, माईक गेलाय!”

धाकटीने त्याचा हात बाजूला केला. “माईक ठीक आहे,” ती म्हणाली. “इथे ताई गायची.”

आणि तिने गाणं शेवटपर्यंत म्हटलं, सगळ्या रिकाम्या जागांसकट.

आता मी धाकटीच्या घरी असतो. ती रोज मला पुसते, पण गात नाही. मित्रांनो, ‘वस्तूंची निगा राखा’ असं मी शेवटी सांगायला हवं. राखा. पण माझं मागणं त्याहून लहान आहे. गाणाऱ्या माणसाला मधेच श्वास लागला, तर पाळी कोणाची ते नंतर ठरवा. आधी त्याला काय होतंय ते विचारा. आणि कोणी गाता गाता गप्प झालं, तर लगेच माझ्या डोक्यावर टकटक करू नका. थोडं थांबा.

मी चालू आहे.