मनातली शिवण

सगळे तिला ‘सेकंद’ म्हणायचे. मेंदूची चित्रं आणि घड्याळाची वेळ यांची सांगड घालायची, हे तिचं काम. एका सेकंदाची चूक दिसली तरी ती समोरच्याचं डोकं खायची. आज मात्र तिचंच डोकं चालेना.

एक शिंपीकाका अपघातानंतर चार महिने डोळे उघडे ठेवून, हूं की चूं न करता पडून होते. त्यांना एमआरआय मशीनमध्ये ठेवून कानात सांगितलं होतं, “मनात शर्ट शिवा.” चोवीस सेकंदांनी, “थांबा.” असं दहा वेळा. काकांना कळत असेल, तर मेंदूतला हात चालवणारा भाग शिवताना उजळणार, थांबल्यावर मावळणार. पण पडद्यावर नुसता शुकशुकाट.

“चार वाजता काकूंना सांगून टाकतो,” डॉक्टर म्हणाले. “यांना काही कळत नाही. उपचार बंद करू. उगाच आशा कशाला लावायची?”

तीन वाजून गेले होते. माणूस आत आहे की नाही, ते सूचनांच्या वेळा लिहिलेल्या एका तक्त्यावरून ठरणार! सेकंदने तक्ता पुन्हा तपासला. पहिलं ‘शिवा’ मशीन सुरू होताक्षणी, सगळं चोख. पण हा तक्ता डॉक्टरांनी आदल्या दिवशी लिहिलेला. प्रत्यक्ष कानात काय वाजलं, ते कुणी ऐकलंय? ती तडक मशीनवाल्या दादांकडे गेली.

“दादा, सूचनांचा आवाज कुणाचा होता?”

“काकूंचाच. म्हटलं, ओळखीचा आवाज बरा.”

तिने हेडफोन लावून ते रेकॉर्डिंग ऐकलं. “अहो, ऐकताय ना? मीच आहे. घाबरायचं नाही हं. मी इथेच बाहेर बसलेय.” मग हुंदका गिळल्याचा आवाज. आणि मग कुठे, “मनात शर्ट शिवा.”

बारा सेकंद! म्हणजे पुढची प्रत्येक सूचनाही तेवढीच उशिरा.

“अहो, हे कापलं का नाहीत?”

“त्याला कात्री कशी लावू?” दादा ओशाळले. “तुला सांगायचं मात्र राहूनच गेलं.”

म्हणजे अर्धी शिवण विश्रांतीत धरली गेली होती आणि अर्धी विश्रांती शिवणीत. मग दिसणार काय, कपाळ? तिने अख्खा तक्ता बारा सेकंद पुढे सरकवला आणि बटण दाबलं.

“अगं बाई!”

काकू ‘शिवा’ म्हणाल्या की मेंदू उजळत होता. दहाच्या दहा वेळा. चार महिने निपचित पडलेला तो माणूस आत बसून शर्ट शिवत होता! आयुष्यभर सेकंद मोजले, पण असं काही तिने पाहिलं नव्हतं.

चार वाजता डॉक्टरांनी पडदा पाहिला, दहाही वेळा नीट तपासला. मग स्वतःच काकूंना आत घेऊन आले.

“काकू, त्यांना सगळं ऐकू येतंय. कळतंयसुद्धा.”

“म्हणजे चार महिने उशाशी बसून मी नणंदेला नावं ठेवली, ती...?” काकूंनी तोंडावर हात ठेवला.

सेकंदला हसू आलं आणि डोळेही भरून आले. “एकच कळत नाही, काकू. मेंदूचा भाग उजळायला आधी तिथे रक्त पोचावं लागतं, तो वेळ मी धरलाय. तरी तुम्ही ‘थांबा’ म्हटल्यावर ते लगेच थांबत नाहीत. दरवेळी सात-आठ सेकंद शिवतच राहतात.”

काकू पडद्यावरच्या त्या उजेडाजवळ गेल्या.

“जेवायला हाक मारली,” त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “तरी हातातली टीप पुरी केल्याशिवाय कधी उठलेत का ते?”