वीस तारखेचा कार्यक्रम

गाण्याच्या कार्यक्रमाची तारीख जाहीर झाली म्हणजे कार्यक्रम होणारच, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस माझ्या दुकानात येऊन बसावं. मी पोस्टरं छापते. नवरा गेल्यापासून दुकान मीच चालवते आणि या धंद्यातल्या सगळ्या लबाड्या मला तोंडपाठ आहेत. आयोजक आधी तारीख जाहीर करतो, मग तिकिटं किती खपतात ते बघतो, मग हॉलवाल्याशी बोलतो आणि गाणाऱ्याला विचारतो सगळ्यात शेवटी. बाजारात तुरी म्हणतात ना, तसं. तिकिटं खपली तर ठीक, नाही तर माझ्यासमोर येऊन दात काढायचे, "ताई, तेवढी पट्टी छापून द्या हो, 'नवीन तारीख लवकरच'." ती पट्टी भिंतीवरच्या जुन्या तारखेवर चिकटते. आणि इंटरनेटवर जी दौऱ्याची यादी असते, तिच्यावर तर पट्टी लावायचेही कष्ट कोणी घेत नाही. एकदा चढलेली तारीख तिथून उतरत नाही, कार्यक्रम होवो की न होवो.

हे मी आईला किती वेळा सांगितलं असेल! पण तिचा त्या यादीवर देवासारखा विश्वास. कारण त्या यादीत तिचा मुलगा होता.

म्हणजे नाव त्याचं नव्हतं. नाव होतं एका मोठ्या गायिकेचं, जी वर्षातले आठ महिने गावोगाव फिरत असते. माझा धाकटा भाऊ तिच्या दौऱ्यात दिव्यांचं काम करायचा. स्टेजवरच्या लोखंडी सांगाड्यावर चढून दिवे बांधायचे आणि गाण्याप्रमाणे रंग बदलायचे. लहानपणी त्याला आम्ही टिल्लू म्हणायचो. पुढे दारातून वाकून आत यायची वेळ आली, तरी तो टिल्लूच राहिला.

आईची फुप्फुसं कामातून गेली होती. खिडकीशी तिचा पलंग, उशाशी ऑक्सिजनचं घुरघुरणारं यंत्र, आणि हातात फोन. फोनवर ती यादी. सकाळी मी चहा घेऊन गेले की बातमी तयार असायची. "आज टिल्लू डोंगरातल्या गावात आहे. थंडी असेल गं तिथं. स्वेटर नेला असेल ना यानं?"

"नसेल नेला तर गारठेल आणि शिकेल," मी म्हणायची. दोन वर्षं घरी फिरकला नव्हता गाढव. आईचं अंथरूण, औषधं, उठवणं, बसवणं, सगळं माझ्या गळ्यात, आणि कौतुक कुणाचं? तर त्याचं. राग यायचा मला. का येऊ नये?

पण दर रविवारी त्याचा फोन मात्र चुकायचा नाही. आई स्पीकर लावायची. तो कालच्या कार्यक्रमाचं वर्णन करायचा, लोक कसे उभे राहिले, कोणत्या गाण्याला त्यानं निळा प्रकाश टाकला. आई डोळे मिटून ऐकायची, आणि फोन ठेवताना न विसरता सांगायची, "वर चढलास की खाली बघू नकोस रे." एरवी त्याचा फोन बंदच. दौऱ्यात बंद ठेवावा लागतो म्हणे.

मग एके दिवशी यादीत आमचं गाव आलं. पुढच्या महिन्याची वीस तारीख, गावाबाहेरचं मोठं स्टेडियम. आईनं मला हाक मारली ती अशी की मी ओल्या हातानं धावत गेले. वाटलं, झालं. तर बाई उशीला टेकून बसलेली आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. रविवारी तिनं त्याला सांगितलं, तर तो जरा थांबला आणि म्हणाला, "हो, येणार की. येणार म्हणजे काय!"

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात मला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं होतं, की महिना निघाला तर नशीब समजा. आई मात्र वीस तारखेपर्यंत जगायचं असं ठरवूनच बसली होती. अर्धी पोळी जात नव्हती तिला, ती आता एक खायला लागली. मी म्हटलं, येऊ दे बाबा टिल्लूला. कान मग उपटीन. आधी आईला दिसू दे तो.

त्यानंतरच्या रविवारी त्यानं समुद्रकाठच्या गावातला कार्यक्रम रंगवून सांगितला. पाय ठेवायला जागा नव्हती, शेवटचं गाणं दोनदा म्हणावं लागलं, वगैरे वगैरे. आई खूश.

सोमवारी आमच्या गावचा आयोजक पोस्टरांचं बोलायला दुकानात आला. टेबलाशी बसून रडगाणं सुरू. "बाईंच्या तब्येतीचा काही भरवसा नाही हो ताई. परवा समुद्रकाठचा कार्यक्रम दुपारी रद्द झाला. घसाच बसला. लोक दारातून परत गेले."

"परवा? शनिवारी?" मी विचारलं. "अहो, तो तर झाला."

"कोण म्हणतं झाला?"

"माझा भाऊ आहे त्या दौऱ्यात. दिव्यांवर."

त्यानं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं. "तो उंच पोरगा? टिल्लू टिल्लू म्हणायचे ते? ताई, तो कुठं आहे आता दौऱ्यात? गेल्या वर्षी वरून पडला ना तो. पायाची पार वाट लागली. कंपनीनं दवाखान्यात नेऊन टाकला आणि दौरा पुढं निघून गेला. तुम्हाला घरच्यांना माहीत नाही?"

छपाईचं यंत्र मागं धडधडत होतं, ते बंद करायचंही मला सुचेना. एक वर्ष! वर्षभर हा पोरगा कुठल्या तरी खोलीत पडून, आईसारखाच फोन हातात घेऊन, तीच यादी वाचत होता आणि त्यावरून आम्हाला कार्यक्रम सांगत होता. यादीवर तारीख होती म्हणून कार्यक्रम झालाच असं धरून चालला, आणि तिथंच फसला. या धंद्यात इतकी वर्षं काढलेला माणूस! रागवू की रडू, मला कळेना.

पुढच्या रविवारी आईचं बोलणं झाल्यावर मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. "टिल्ल्या, मला सगळं कळलंय. समुद्रकाठी काही झालं नाही. तू पडलास, तेही कळलं. कुठं आहेस?"

"आईला सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"नाही. तू ये. दौऱ्याबरोबर नको, एकटा ये, लंगडत ये, कसाही ये. तिच्याकडे दिवस राहिले नाहीत रे."

"तिनं अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलंय, माझा मुलगा दिवे करतो म्हणून. अशी कुबडी घेऊन येऊ तिच्यासमोर?"

"अरे मूर्खा, तिला तू हवायस! दिवे काय करायचेत तिला?"

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर माझा आवाज आला की तो फोन तोडायचा. माझे निरोप त्यानं उघडलेसुद्धा नाहीत. शिव्या घातल्या, हात जोडले, शेवटी दुकानात बसून रडले. काही उपयोग झाला नाही.

मग मी एकच धावा सुरू केला, कार्यक्रम रद्द होऊ दे. खोटं सांगत नाही, माझं पोट त्या पोस्टरांवर चालतं, तरी मी हेच मागितलं. रद्द झाला तर आई म्हणेल, बिचाऱ्याची यायची इच्छा होती, पण काय करणार. झाला आणि तो आला नाही, तर काय म्हणेल? इतके कार्यक्रम जाहीर होऊन बुडतात, हा एक बुडायला काय हरकत होती?

तिकिटं खपेनात. मला हुरूप आला. पण आयोजक पडला हट्टी. आदल्या दिवशी धापा टाकत आला. "ताई, पट्टी छापा. तारीख तीच, फक्त जागा बदललीय. स्टेडियम परवडत नाही, शाळेच्या मैदानावर घेतोय."

"कुठली शाळा?"

"अहो, तुमच्या घरामागची!"

यादीवर मात्र स्टेडियमच राहिलं. मी रात्री बघितलं, सकाळी परत बघितलं. ते कोण बदलणार?

वीस तारखेला सकाळपासून खिडकीखाली ठोकाठोक सुरू झाली. आईनं विचारलं, "काय चाललंय गं?"

"शाळेचा काहीतरी समारंभ आहे," मी म्हटलं.

दुपारी तिनं माझ्याकडून केस विंचरून घेतले, पलंगावरची चादर बदलायला लावली. पलंगाशेजारी खुर्ची ठेवायला सांगितली. "लांबून येईल, बसेल कुठं?" मी खुर्ची ठेवली. संध्याकाळ झाली. जिन्यात पाय वाजला की ती दाराकडे बघायची. तिसऱ्या मजल्यावरचे लोक घरी परतत होते, दुसरं कोणी नव्हतं.

अंधार पडला आणि फोन वाजला.

"आई," टिल्लूचा आवाज अगदी जवळून आला. "आई, अगं कार्यक्रम रद्द झाला. स्टेडियमची परवानगीच मिळाली नाही शेवटपर्यंत. आम्ही अर्ध्या वाटेतून मागं फिरलो. मी एवढा निघालो होतो..."

आणि त्याच क्षणी खाली ढोल घुमला. लोक ओरडले. आमच्या खोलीचं छत निळं झालं, मग लाल झालं, मग पुन्हा निळं. पाठोपाठ त्या गायिकेचा आवाज आला, स्पष्ट, शब्दन् शब्द कळेल असा. ते गाणं आमच्या घरात कोण ओळखत नाही?

मी आईकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. मग तिनं आपला सुरकुतलेला तळवा फोनवर घट्ट दाबून धरला.

"खिडकी," ती म्हणाली.

मी खांबासारखी उभी.

"अगं लाव ना लवकर! त्याला ऐकू जाईल."

मी धावत जाऊन खिडकी लावली, कडी घातली, पडदा ओढला. गाणं थोडं दबलं. आईनं एकदा ऑक्सिजनची नळी सारखी केली, श्वास घेतला आणि फोनवरचा हात काढला.

"हो का रे? अरेरे. चालायचंच बाळा, तू काय करणार? त्या यादीवर काही भरवसा नसतो, ताई नेहमी सांगते. जेवलास का? ... बरं. जेवून घे. वर चढलास की खाली बघू नकोस हं."

तिनं फोन उशाशी ठेवला. मला हुंदका आवरेना. "आई, तुला कळलंय ना सगळं? मग बोल की त्याला! ओरड, शिव्या दे, ये म्हण!"

"तो येण्यासारखा असता तर आला नसता का?" ती म्हणाली. "त्याच्यावर चिडू नकोस. उघड आता खिडकी."

मी उघडली. पुन्हा छतावर लाल, निळा, पिवळा प्रकाश फिरायला लागला. रिकाम्या खुर्चीवरही पडत होता. आई बराच वेळ बघत राहिली.

"यापेक्षा छान करायचा गं टिल्लू," ती म्हणाली, आणि शेवटचं गाणं होईपर्यंत मला खिडकी लावू दिली नाही.