झारी आणि छप्पन्न गुलाब

आत्याच्या रोपवाटिकेत कचेरीपासून शेवटच्या काचघरापर्यंतचे अंतर बरोबर दोनशे वीस मीटर होते. भाचीने ते फीत टाकून तीनदा मोजले होते, आणि तिन्ही वेळा ते तेवढेच भरल्यामुळे थोडी खट्टूही झाली होती.

त्या काचघरात छप्पन्न गुलाब होते. सव्वीस वर्षे स्वतःच्या हाताने कलमे बांधून आत्याने ते वाढवले होते. प्रत्येकाची तहान वेगळी. म्हणून ती दिवसातून सहा फेऱ्या मारायची, कुंडीत बोट खुपसून माती पाहायची आणि मगच झारी वाकवायची. पण गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी दिवसाला एकच फेरी मंजूर केली. तेव्हा आत्याच्या धाकट्या भावाने, म्हणजे भाचीच्या बाबांनी, एका वनस्पती उद्यानाशी बोलणे केले. शनिवारी त्यांची गाडी येऊन सगळे गुलाब घेऊन जाणार होती.

"ताई, तिथे त्यांची बडदास्त राहील," बाबा म्हणाले.

"माझीही कुठे सोय बघून ठेवली आहेस का?" आत्याने विचारले. त्यानंतर दोन दिवस ती कुणाशीच धड बोलली नाही.

तेव्हा प्रत्येक कुंडीची तहान आत्याला कचेरीत बसूनच कळेल असे काहीतरी करते म्हणून भाचीने शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली. ती रेडिओ-संदेशवहनाची अभियंता होती आणि तिच्याजवळ नखाएवढी चिप व बोटभर अँटेना असलेले टॅग होते. मातीतला ओलावा मोजणारा असा एकेक टॅग तिने प्रत्येक कुंडीच्या मागच्या कडेला खोचला. या टॅगमध्ये बॅटरी नव्हती. ते स्वतः काही प्रसारित करत नसत. त्यांच्यावर पडलेली रेडिओ लहर उघडझाप करत परतवायचे, एवढेच त्यांचे काम. उन्हात आरसा हलवून कवडसा पाडावा, तसे. अडचण अशी की तो कवडसा फार फिका असतो. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्ही कचेरीत ठेवले, तेव्हा वीस मीटरवरच सारे थंडावले. शेजारच्या ट्रान्समीटरच्या गोंगाटात रिसीव्हरला दुसरे काही ऐकूच येईना. मग तिने ट्रान्समीटर काचघरात गुलाबांजवळ नेला, रिसीव्हर एकटा कचेरीत ठेवला, आणि एकेक आकडा सावकाश, मिनिटभर घोळवत पाठवण्याची तजवीज केली. गुलाबाला कसली आली आहे घाई? अंतर दीडशे मीटरपर्यंत गेले. उरलेल्या सत्तर मीटरांनी मात्र तिच्या नाकी नऊ आणले.

गुरुवारी सकाळी ती कचेरीत रिसीव्हरच्या पडद्यासमोर बसली होती. छप्पन्न गुलाबांचे छप्पन्न चौकोन, सगळे करडे. आणि अचानक तिसरा चौकोन हिरवा झाला. ओलावा एकेचाळीस टक्के.

"बाबा! आला!"

बाबा चहाचा कप घेऊन धावत आले, तोवर तिसरा पुन्हा करडा पडला होता. पण आता चौथा उजळला. थोड्या वेळाने तो विझला आणि पाचवा लागला.

"हे काय, हजेरी चालली आहे का?" बाबा म्हणाले.

भाचीने खिडकीतून पाहिले. काचघरात आत्या होती. आपली मंजूर झालेली एकुलती एक फेरी ती पुरवून पुरवून मारत होती. ती ज्या कुंडीपाशी थांबे, तीच कुंडी बोलत होती.

आत्या परतली, तेव्हा सगळे चौकोन करडे होते. भाचीने हकिगत सांगितली. आत्याचा चेहरा कित्येक दिवसांनी फुलला.

"बघ, ओळखतात मला! म्हणे उद्यानात बडदास्त राहील!"

"अगं ताई, पण तू तिथे असतानाच बोलत असतील, तर उपयोग काय?" बाबांनी कपाळाला हात लावला. "तू तिथे जाऊ नयेस म्हणून तर हा सगळा खटाटोप!"

हे खरेच होते.

भाचीने वहीचे कोरे पान काढले आणि आत्याबरोबर काचघरात जे जे जाते ते लिहिले : एप्रन, कात्री, चष्मा, झारी. मग एकेक वस्तू एकटीच कुंडीपाशी ठेवून पाहायचे ठरवले. एप्रन घालून बाबांना पाठवले. गुलाबांनी दाद दिली नाही.

"नाकारलं मला," बाबा फोनवर म्हणाले.

कात्री झाली, चष्मा झाला. पत्र्याच्या झारीची पाळी आली, तेव्हा आत्या अडून बसली. "झारी माझ्याशिवाय कुणाच्या हातात जात नाही."

"आत्या, विज्ञानासाठी!"

"विज्ञानाला म्हणावं, घासून परत आणून दे."

बाबांनी नवव्या कुंडीमागे झारी ठेवली आणि ते बाहेर आले. मिनिट गेले. नववा चौकोन हिरवागार झाला, आणि काचघरात कुणीही नव्हते.

झारी पुढे ठेवली की कोपर लागून कलंडते, म्हणून आत्या ती नेहमी कुंडीच्या मागेच ठेवत असे. मागच्या बाजूला वाया जाणारी लहर तो पत्रा अडवत होता आणि कचेरीच्या दिशेने परत लोटत होता. भाचीने दुपारभर रिकाम्या डब्यांचे पत्रे कापले आणि छप्पन्न तुकडे टॅगच्या पाठीला नीट चिकटवले. कचेरीत येऊन पाहते तो एकही चौकोन हिरवा नाही. तिने रिसीव्हर उचलून काचघराच्या दाराशी नेला. तिथेही शुकशुकाट! कालपर्यंत जवळून बोलणारे टॅगही मुके झाले होते.

"तू त्यांची तोंडं बांधलीस की काय?" ती कचेरीत परतली तेव्हा आत्या दारातूनच म्हणाली. "झारी मी कधी कुंडीला चिकटवून ठेवते का? मध्ये चार बोटं जागा सोडते, नाहीतर उचलताना काटे लागतात."

भाचीने टॅग लावलेली एक कुंडी आणि झारी कचेरीत आणली, आत्याला झारी नेहमीसारखी ठेवायला लावली आणि पट्टीने झारी व टॅग यांच्यातले अंतर मोजले. साडेआठ सेंटिमीटर. तिच्या लहरीच्या लांबीचा बरोबर चौथा हिस्सा. तेवढ्या अंतरावरून परतलेली लहर टॅगच्या लहरीला बळ देते, पत्रा चिकटलेला असला तर तिला पुसून टाकते. हे तिने परीक्षेत आकृतीसह लिहिले होते, त्याला पैकीच्या पैकी गुणही मिळाले होते, आणि ऐन वेळी ते तिच्या डोक्यातून साफ निसटले होते.

"आत्या, तू माझ्या कॉलेजात शिकवायला हवी होतीस."

"तिथे गुलाब आहेत का?"

शुक्रवारी दिवसभर भाचीने आणि बाबांनी मिळून प्रत्येक टॅगमागे साडेआठ सेंटिमीटरवर पत्रा उभा केला. चार वाजता आत्याला कचेरीतल्या खुर्चीत बसवले आणि पायाखाली स्टूल दिले. चौकोन एकेक करून उजळू लागले. दहा. तीस. त्रेपन्न. शेवटचे तीन लागेपर्यंत कुणी श्वास सोडला नाही. मग आत्याने चष्मा पुसला, पडद्यापाशी वाकली आणि एकेका गुलाबाची विचारपूस करत सगळी रांग वाचून काढली.

बाबांनी आपण होऊन उद्यानाला फोन लावला आणि गाडी पाठवू नका म्हणून सांगितले. दोनदा माफीही मागितली. फोन खाली ठेवतात न ठेवतात तोच आत्या म्हणाली, "सतरावा तहानलाय. अठरा टक्के. ऊठ."

"मी?"

"मला एकच फेरी मंजूर आहे, ती सकाळी झाली. झारी घे. अर्धी ओत, जास्त नको."

बाबा पुटपुटत गेले. दूरवर काचघराचे दार वाजले. थोड्या वेळाने सतराव्या चौकोनातला आकडा चढू लागला : चाळीस, साठ, ब्याऐंशी.

आत्याने फोन उचलला.

"अर्धी सांगितली होती, अख्खी ओतलीस ना?"

पलीकडे झारी खणकन खाली टेकली. मग बाबांचा दबका आवाज आला, "ताई, तू कुठून बघते आहेस?"

"खुर्चीतून," आत्या म्हणाली, आणि इतकी हसली की तिचे दुखरे गुडघेसुद्धा स्टुलावर नाचू लागले. "आता बाविसाव्याकडे वळ. आणि त्याच्या मागचा पत्रा हलवू नकोस, मला लगेच कळेल!"